आधी भोकं, मग स्लॉट: क्लासिकल गिटारच्या हेडबद्दल

क्लासिकल गिटारच्या हेडमध्ये, म्हणजे नेकच्या (गिटारच्या मानेच्या) टोकाला जिथे तारा आवळायच्या चाव्या बसतात तिथे, दोन लांबट आरपार खाचा असतात, ते स्लॉट, आणि चावीचा जो आडवा दांडा तार गुंडाळतो तो रोलर. त्याबद्दल तुम्ही एकदम तीन प्रश्न विचारलेत. स्लॉट राउटरने (लाकूड कोरायच्या मशीनने) काढू की हाताने, आधी स्लॉट की आधी रोलरची भोकं, आणि सरावाच्या तुकड्यावर चाव्या बसवल्या तर मधलाच रोलर जाम का होतोय. लाकूड मॅहॉगनी, वर २ मिमी शिसवी विनियर (लाकडाचा पातळ थर), एकूण जाडी २० मिमी, चाव्या तीन-तीनच्या प्लेटवाल्या, असं तुम्ही लिहिलंय, एवढं पुरे आहे. बहुतेकांना राउटरचा प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो पण माझ्या मते तो सगळ्यात छोटा आहे. स्लॉट ही शेवटी एक रिकामी जागा आहे, ती अर्धा मिमी जास्त रुंद झाली तर गिटारला काही फरक पडत नाही, दिसायला पडला तर पडला. रोलरचं भोक अर्धा मिमी सरकलं तर मात्र ती चावी कायम त्रास देणार. म्हणून आधी भोकं. आणि त्याच्याही आधी चाव्या हातात पाहिजेत, चाव्या ऑर्डर केल्यात आणि येईपर्यंत हेड करून ठेवू असं अजिबात करू नका.

तीन रोलर एकाच पितळी प्लेटवर घट्ट बसलेले असतात. आपल्याकडे तंबोऱ्याची खुंटी कशी निमुळती असते, थोडी आत दाबली की बसते, घासून घासून जुळवता येते, तशी सोय इथे नाही. रोलर सरळसोट १० मिमी जाडीचा, आणि तिघांमधलं अंतर प्लेटने ठरवून टाकलेलं. आजकालच्या बहुतेक सेटमध्ये दोन रोलरच्या केंद्रांमधलं अंतर ३५ मिमी असतं, पण जुन्या सेटमध्ये वेगळं सापडतं, त्यामुळे मोजा. केंद्र शोधत बसायची गरज नाही, कॅलिपरने एका रोलरच्या डाव्या कडेपासून पुढच्या रोलरच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं की तेच केंद्रांमधलं अंतर. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतही मोजा, ते ७० यायला हवं. दोन्ही बाजूंच्या प्लेटा वेगवेगळ्या मोजा, स्वस्त सेटमध्ये डावी-उजवी एकसारखी असेलच असं नाही.

आधी स्लॉट काढला आणि मग बाजूने भोक पाडायला घेतलं तर काय होतं ते बघा. ड्रिल बाहेरच्या भिंतीतून आत स्लॉटमध्ये निघतं, निघताना आतल्या बाजूची कपची उडवतं, मग १५ मिमी हवेतून जातं आणि मधल्या पट्टीला, म्हणजे दोन स्लॉटांमधल्या लाकडाला, जाऊन टेकतं, तिथे त्याला धरायला काही नसतं म्हणून ते जरासं सरकून मग शिरतं. तुमचा मधला रोलर जाम होण्याचं कारण बहुधा हेच, कारण तुम्ही स्लॉट आधी काढला होता. भरीव लाकडात मारलं की ड्रिल एका दमात भिंत, स्लॉटची जागा आणि मधली पट्टी असं सरळ जातं, कुठेही कपची उडायला मोकळी जागाच नाही. नंतर मधलं लाकूड काढलं की भिंतीतलं भोक आणि पट्टीतलं भोक आपोआप एका रेषेत असतात.

आता मापं. ही माझ्या हेडची आहेत, तुमच्या चाव्यांप्रमाणे थोडी हलवा. हेड चाव्यांच्या पट्ट्यात सरासरी ७२ मिमी रुंद, बाहेरच्या भिंती साडेदहा-साडेदहा, स्लॉट साडेपंधरा-साडेपंधरा, मधली पट्टी २०. बेरीज करून बघा, ७२ येते. भोक भिंतीतून आणि स्लॉटच्या जागेतून जाऊन पट्टीत ८ मिमी शिरतं, म्हणजे बाहेरून एकूण ३४ मिमी खोल. दोन्ही बाजूंनी ८-८ गेले की पट्टीत मध्ये ४ मिमी भरीव राहतं. तुमचा रोलर प्लेटपासून टोकापर्यंत किती लांब आहे ते मोजा आणि भोक त्याहून एखादा मिमी जास्त खोल ठेवा, रोलरचं टोक तळाला टेकलं तर प्लेट बाजूला बसतच नाही आणि माणूस स्क्रू आवळत बसतो. लांबीत बघायचं तर पहिल्या आणि शेवटच्या रोलरच्या केंद्रापलीकडे २०-२० मिमी सोडा, म्हणजे स्लॉट ११० मिमीचा. त्याचं खालचं टोक नटपासून (नेक आणि हेडच्या सांध्यावरची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) साधारण ३५ मिमीवर. मग पहिला रोलर नटपासून ५५, दुसरा ९० आणि तिसरा १२५ वर येतो. उंचीत भोकाचं केंद्र विनियरच्या वरच्या पृष्ठापासून १० मिमी खाली, २० च्या हेडमध्ये ते बरोबर मध्यावर येतं. फक्त आधी प्लेट बाजूला धरून बघा, ती वर किंवा खाली हेडच्या बाहेर डोकावत असेल तर केंद्र थोडं सरकवा. हेड मागून टोकाकडे पातळ करणार असाल तरी भोकांची रेषा पुढच्या पृष्ठालाच समांतर ठेवा.

भोकं पाडायच्या आधी हे सगळं एका मोठ्या कागदावर खऱ्या मापात काढा, वरून एक आणि बाजूने एक, आणि त्यावर सहाच्या सहा तारांच्या रेघा मारा. हा अर्धा तास वाचवायचा मोह होतो, वाचवू नका. क्लासिकलमध्ये पहिली आणि सहावी तार नटच्या जवळच्या रोलरवर, दुसरी आणि पाचवी मधल्यावर, तिसरी आणि चौथी सगळ्यात लांबच्यावर. नट ५२ मिमी आणि बाहेरच्या दोन तारांमध्ये साधारण ४३ धरले तर तिसरी आणि चौथी तार मध्यरेषेपासून जेमतेम ४.३ मिमीवर असतात, आणि मधली पट्टी मध्यरेषेपासून १० मिमीपर्यंत पसरलेली. म्हणजे या दोन तारा पट्टीच्या डोक्यावरून तिरक्या जाऊन मग स्लॉटमध्ये उतरणार. नटची वरची कड हेडच्या पृष्ठापासून ६ मिमी वर आणि रोलरची वरची बाजू ५ मिमी खाली धरली तर या तारा नटपासून साधारण ६८ मिमीवर हेडच्या पातळीखाली जातात, आणि त्या क्षणी त्या पट्टीच्या कडेच्या बाहेर असायला पाहिजेत. हिशोब केला की कळतं की त्या रोलरवर तारेचे वेढे मध्यरेषेपासून निदान १५ मिमीवर पडायला हवेत, म्हणजे स्लॉटच्या आतल्या भिंतीला चिकटून नाही, तिच्यापासून ५ मिमी लांब. रोलरमधलं तारेचं भोक कुठे येतंय ते कागदावर दाखवा, ते आतल्या बाजूला फार येत असेल तर पट्टी २० ची १८ करा. तार पट्टीला घासत राहिली की सुरात आणताना ती अडकते, मग टकन सुटते आणि सूर पुढे निघून जातो, आणि लोक नटला दोष देतात.

भोकं पाडायला ड्रिल प्रेस असेल तर उत्तम. हे काम नेक बॉडीला जोडायच्या आधीच करायचं, स्पॅनिश पद्धतीत तर टाच (नेकचं बॉडीकडचं टोक) आणि टॉप (बॉडीची पुढची फळी) एकदा जोडले की नेक ड्रिल प्रेसखाली उभी करणं म्हणजे सर्कस. हेड आडव्या कडेवर उभं करायचं, विनियरची बाजू एका काटकोनातल्या ठोकळ्याला टेकवून क्लॅम्प करायची. हेड मागे झुकलेलं असल्यामुळे नेकचा दांडा ठोकळ्यापासून लांब जातो, मध्ये येत नाही. पण हेडच्या बाजू समांतर नसतात, नटकडे अरुंद आणि वर रुंद, त्यामुळे खालची कड टेबलावर सपाट ठेवली तर वरची कड तिरकी राहते, दोन्ही मिळून ३ अंशांच्या आसपास फरक पडतो, आणि तेवढ्याने रोलर तिरका बसतो. खाली पाचर सरकवत जा. चकमध्ये एक सरळ सळई लावा, ती वरच्या कडेच्या एका टोकाला टेकवून खोली बघा, मग दुसऱ्या टोकाला, दोन्हीकडे सारख्याच खोलीवर टेकली की कड समांतर झाली. ड्रिल ब्रॅड पॉइंटचं घ्या, मध्ये टोक असलेलं, साधं ट्विस्ट ड्रिल रेषेवरून घसरतं. खुणेवर आधी टोच्याने खड्डा करा. थोडं थोडं आत-बाहेर करत जा म्हणजे भुसा निघतो, नाहीतर भोक जळतं आणि आतून गुळगुळीत कडक होतं.

ड्रिल प्रेस नसेल, आणि मुंबईत वन बीएचकेच्या बाल्कनीत काम करणाऱ्याकडे ती कुठून असणार, तर जिग, म्हणजे ड्रिलला सरळ वाट दाखवणारा साचा, करून घ्या. १० मिमी जाड माइल्ड स्टीलची पट्टी घ्या, एखाद्या इंडस्ट्रियल गाळ्यातल्या मिलिंगवाल्याकडून तिच्यात तीन भोकं पाडून घ्या, १० मिमीची, ३५ च्या अंतराने. त्याला तुमच्या चाव्यांचा सेटच नेऊन दाखवा, तोंडी मापं सांगू नका. मशीनवर काम काही मिनिटांचं आहे पण त्याला एवढं छोटं काम घ्यायला पटवणं हेच खरं काम, दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या आसपास गेलात तर घेतो. ड्रिल आणि ड्रिल बुश (जिगच्या भोकात बसवायची कडक पोलादी नळी) नागदेवी स्ट्रीटला मिळतात, बुश घालून केली तर पट्टी पुढच्या कित्येक गिटारांना चालेल. पट्टीला एक एल आकाराचा ओठ जोडा जो विनियरच्या पृष्ठावर टेकेल, म्हणजे १० मिमीची उंची आपोआप येते. मग साध्या हॅन्ड ड्रिलनेही भोकं सरळ जातात. दोन्ही बाजूंना पट्टी लावताना नटच्या रेषेपासूनच मोजा, हेडच्या वरच्या टोकापासून नाही, कारण वरचं टोक तुम्ही नंतर कोरणार आहात.

आता स्लॉट. हाताने की मशीनने, हे तुमच्या शेजाऱ्यांवर ठरवा. एकच गिटार करायची असेल तर हाताने करा, टेम्प्लेट बनवायला जेवढा वेळ जाईल तेवढ्यात हाताने दोन्ही स्लॉट होतात आणि आवाजही नाही, सोसायटीचा सेक्रेटरी वर येत नाही. हेडच्या बाजू तिरक्या असतील तर स्लॉट त्या बाजूंना समांतर काढा, मग भिंत सगळीकडे सारखी जाड राहते आणि रोलर भिंतीला काटकोनात राहतो. रेषा पेन्सिलने काढू नका, धारदार सुरीने कापा, पुढून आणि मागून दोन्हीकडून. शिसवी विनियर ठिसूळ असतं, सुरीची रेघ नसेल तर कड ढलप्या ढलप्यांनी निघते. दोन्ही टोकांना १५ मिमीच्या फोर्स्टनर बिटने भोक मारा, आधी पुढून अर्ध्यापर्यंत, मग मागून, मध्ये भेटतील. हे टोकाचं भोक रोलरच्या भोकाला जेमतेम टेकतं, त्यात शिरत नाही, त्यामुळे बिट मोकळ्या जागेत जाऊन थरथरत नाही. मग कोपिंग सॉचं (बारीक पानाच्या हातकरवतीचं) पान त्यातून ओवून रेषेच्या १ मिमी आत कापत जा. कोपिंग सॉ तिरकी जातेच, म्हणून तो एक मिमी. शेवटचं पटाशीने, दोन्ही बाजूंनी मध्याकडे, आणि लाकडाचे रेषे कुठल्या दिशेने उतरतायत ते बघून. रेषे भिंतीत शिरत असतील तर बाजू बदला आणि उलट्या दिशेने सोला. पटाशी रुंद घ्या, २५ मिमीची, सपाट भिंतीवर रुंद पटाशी स्वतःच सरळ चालते. शेवटी एका सपाट पट्टीला १२० चा पॉलिश पेपर चिकटवून घासा. टोकं गोल ठेवायची की चौकोनी हा आवडीचा भाग, मी वरची गोल ठेवतो, चौकोनी कोपऱ्यात पॉलिश साचतं आणि ते साफ करताना चिडचिड होते.

सरावाला सागवानाचे तुकडे वापरताय असं वाटलं, ते टाळा. सागात सिलिका असते, पटाशीची धार पटकन जाते आणि मग तुम्हाला वाटतं आपला हातच वाईट आहे. तून मिळाला तर तो घ्या, स्पॅनिश सीडरचा (गिटारच्या नेकला वापरतात त्या लाकडाचा) जवळचा नातेवाईक आहे, एकेकाळी शास्त्रज्ञांनीही त्याला त्याच वंशात, सेड्रेलामध्ये, घातलं होतं. वासही थोडा तसाच. रे रोडच्या वखारीत विचारा.

राउटर वापरायचा तर हेडच्या पुढूनच वापरा. मागून वापरायला गेलात तर दांडा वर येतो आणि स्लॉटच्या खालच्या टोकाला राउटरचा बेस दांड्याला आपटतो, तिथे नेमका स्लॉट अर्धवट राहतो. पुढून मात्र दांडा खाली झुकलेला असतो, काही अडत नाही, फक्त हेड टेबलाच्या कडेला बाहेर काढून त्याखाली प्लायचा तुकडा घट्ट धरा म्हणजे बिट बाहेर पडताना मागची कड फाटत नाही. हेड अरुंद आहे, त्यावर राउटर डगमगतो, म्हणून दोन्ही बाजूंना हेडच्याच पातळीचे लाकडाचे ठोकळे लावा. टेम्प्लेट अॅक्रिलिकचं लेझरने कापून घ्या, एमडीएफचं करू नका, जुलैत मुंबईत एमडीएफ फुगतं आणि कडा मऊ पडतात. बिट ६ मिमीचं स्पायरल, एका वेळी ३ मिमीपेक्षा जास्त खोल नाही, आणि स्लॉटच्या आतून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. उलट फिरवलं तर ते हातातून ओढून घेतं. एक गोष्ट मात्र करा, रोलरच्या भोकांमध्ये १० मिमीचे लाकडी डॉवेल (गोल काठीचे तुकडे) न चिकटवता घट्ट घाला आणि मग राउटर चालवा. नाहीतर बिट प्रत्येक भोकाच्या तोंडाशी आल्यावर कड उडवतं, आणि आधी भोकं पाडण्याचा फायदा तिथेच संपतो. काम झालं की उरलेले तुकडे काढून टाका.

स्लॉटच्या खालच्या टोकाला जो उतार करतात तो सगळ्या तारांसाठी असतो असा समज आहे. वरच्याच आकड्यांनी बघा, स्लॉट नटपासून ३५ वर सुरू होतो. तिसरी-चौथी तार तिथे हेडच्या पृष्ठापासून जवळजवळ ३ मिमी वर असते, दुसरी-पाचवी दीड-पावणेदोन मिमी वर, त्यांना उताराची काहीच गरज नाही. पहिली आणि सहावी मात्र तिथे पृष्ठाच्या १ मिमी खाली गेलेली असते, म्हणजे सरळ लाकडात. त्यामुळे उतार त्या दोन तारांखाली नीट झाला पाहिजे, बाकी शोभेसाठी पूर्ण रुंदीत करा. अर्धगोल कानशीने करा, विनियरच्या कडेवर आधी सुरीची रेघ, आणि कानस नेहमी वरून खाली, खालून वर ओढलीत तर शिसव उचकटते. नट बसवल्यावर एक दोरा नटवरून रोलरपर्यंत ताणून बघा, मध्ये कुठेही टेकता कामा नये.

जाम होणाऱ्या रोलरचं निदान असं करा. प्लेटचे सगळे स्क्रू ढिले करा आणि तारा न लावता चावी फिरवा. ढिले असताना मोकळी फिरते आणि आवळल्यावर अडकते, तर हेडची बाजू सपाट नाहीये, बहुधा पॉलिश पेपरने घासताना मध्ये फुगवटा राहिलाय, पोलादी पट्टी धरून उजेडात बघा. ढिले असतानाही अडकते, तर भोक चुकलंय. रोलरला खडू फासून घाला आणि फिरवा, भोकात जिथे खडू लागेल तिथे घासतंय. मधल्या पट्टीतलं भोक १०.३ पर्यंत मोठं केलं तरी चालतं, काठीला पॉलिश पेपर गुंडाळून. तार रोलरला नेहमी नटच्या दिशेनेच ओढते, नायलॉनच्या सेटमध्ये एका तारेचा ताण ६ ते ८ किलोच्या आसपास असतो, त्यामुळे थोडं ढिलं भोक खडखडत नाही. एक मिमीच्या वर चूक असेल तर मात्र मोठं करत बसू नका, त्याच लाकडाचं डॉवेल चिकटवा, पूर्ण एक दिवस सुकू द्या आणि जिगमधून परत पाडा. तेल-ग्रीस लाकडात घालू नका, लाकूड ते पिऊन टाकतं आणि नंतर त्यावर पॉलिश धरत नाही.

त्या तीन प्रश्नांशिवाय, पावसाळ्यामुळे भोक लहान होऊन रोलर जाम होतो का असंही तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय. आपण मुंबईकर पावसाला सगळ्याबद्दल दोष देतो, पण लाकूड फुगलं की त्यातलं भोकही लाकडाबरोबर मोठंच होतं. आणि बदल हेडच्या जाडीच्या दिशेने होतो, १० मिमीच्या भोकात जास्तीत जास्त ०.१ मिमीच्या आसपास, लांबीच्या दिशेने जवळपास शून्य, म्हणून ३५ चं ३५ च राहतं. पावसात रोलर चिकटला तर भोकात गेलेली पॉलिश बघा. लाखेचं पॉलिश नीट सुकलं नसेल तर दमट हवेत चिकट होतं, आणि ते भोकाच्या कडेवर साठतं. पॉलिश करताना भोकांत कागदाच्या गुंडाळ्या घाला, आणि झाल्यावर १० मिमीचं ड्रिल हातानेच, मशीनशिवाय, एकदा फिरवून काढा.

स्क्रूबद्दल एवढंच की प्लेटबरोबर येणारे पितळी स्क्रू फार मऊ असतात. १.५ मिमीचं भोक पाडा, आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू साबण लावून घाला, काढा, मग पितळी घाला. तुटलेला स्क्रू मॅहॉगनीतून काढणं हा वेगळाच विषय आहे. चाव्या आल्या की रोलरची लांबी, प्लेटची रुंदी आणि पहिल्या ते तिसऱ्या रोलरचं अंतर, हे तीन आकडे कळवा, पट्टी २० ठेवायची की १८ ते त्यावरून सांगतो.